साखळीने बांधलेला स्विच

३० मे २००९, शनिवार. पाऊस यायच्या आत सगळ्या स्विचांची धूळ काढायची आहे. आज निम्मे झाले.

आमच्याकडे धूळ म्हणजे कोळशाची. बंद खोलीत, बंद कपाटात, बंद पेटीतसुद्धा ती जाते. स्विच म्हणजे दिव्याचा खटका नव्हे. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती चपटी लोखंडी पेटी. धुळीने तिचा पंखा अडला की ती तापते, तापली की अडखळते, आणि मग पगार विभागातून फोन येतो. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी मी रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घेऊन खाणीच्या सगळ्या ऑफिसांतून फिरते.

आज दवाखान्याची तार काढण्याआधी मी मोठ्याने म्हणाले, "औषधवाल्या सिस्टर. त्यांचं बंद पडेल." खोलीत कोणी नव्हतं. ही सवय भाऊंची. निवृत्त झाल्यापासून ते मूल तालुक्यात आपल्या गावी असतात. त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात आहे. ते आजच लिहून टाकते, एकदा विजा सुरू झाल्या की मला वेळ मिळत नाही.

भाऊ म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, ते आणि मी. त्याआधी बरीच वर्षं ते खाणीतले टेलिफोन सांभाळत. उंच, काटकुळे, चंद्रपूरच्या मे महिन्यातही मनगटापर्यंत गुंड्या लावलेला शर्ट, पायात रबरी तळाचे बूट, आणि दोन्ही हात पाठीमागे, एकात एक अडकवलेले. ते हात मी फार क्वचित सुटे पाहिले.

मी तिथे कशी आले ते आधी सांगते. माझा नवरा याच खाणीत होता. आमची खाण उघडी आहे. वरची माती काढून तिचे डोंगर रचतात आणि खालचा कोळसा काढतात. त्यातला एक डोंगर घसरला तेव्हा तो पायथ्याशी होता. त्याच्या जागी मला नोकरी मिळाली, आणि पहिलं काम मिळालं कोळसा डेपोवर पाणी मारायचं. डेपो नव्या मातीच्या डोंगराच्या अगदी खाली. दिवसभर मी पाईप धरून उभी राहायची आणि दर थोड्या वेळाने मान वळवून वर पाहायची. घरी आल्यावर मान दुखायची. मी बी.एस्सी. आहे आणि संगणकाचा कोर्स केला आहे, असा अर्ज मी देत राहिले. शेवटी एका वर्षासाठी, तपासून पाहायला, मला भाऊंकडे पाठवलं. वर्ष संपल्यावर मोठ्या साहेबांची सही झाली तर मी तिथेच कायम. नाही झाली तर परत डेपो.

पहिल्या दिवशी भाऊंनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"भेव वाटते का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, धीट दिसलं पाहिजे. "नाही सर."

"सर नका म्हणू. भाऊ म्हणा. मंग जा, माठ भरा."

मी माठ भरला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच माठ. असं काही दिवस चाललं. एके सकाळी मी वैतागून म्हटलं, "हो, वाटते."

"कायचं?"

"डेपोवर परत जायचं."

भाऊंनी विचार केला. "हे मशीनीचं भेव नाई. तुमचं घरचं आहे. पण चालन. बसा."

अशी मी शिकायला लागले.

त्यांचा नियम साधा होता. ज्याला भीती नाही, त्याला पासवर्ड नाही. नागपूरहून नवा आलेला एक इंजिनीअर एकदा टेबलावर टेकून म्हणाला, "भाऊ, यात घाबरण्यासारखं आहे काय? चार कमांड तर आहेत." भाऊंनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, खाली जिन्यापर्यंत सोडून आले, आणि पासवर्ड काही दिला नाही. त्यानंतर तो साहेबांकडे तक्रार घेऊन गेला. साहेबांनी भाऊंना बोलावलं. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीवर भिजलेला होता. म्हणजे साहेबांनाही ते भीतच. पण पासवर्ड नाहीच दिला.

शिकवायची पद्धत अशी. मी कीबोर्डवर, ते माझ्या मागे. ते तोंडाने सांगणार, मी टाईप करणार, मग लिहिलेलं मोठ्याने वाचणार. आणि एंटर दाबायच्या आधी, हे चुकलं तर कोणाचं काय बंद पडेल ते माणसाचं नाव घेऊन सांगणार. "पोर्ट बंद होईल" असं म्हटलेलं चालत नसे; पोर्ट म्हणजे तार खोचायची खाच.

"पोर्टाले लेकरंबाळं आहेत का? माणूस सांगा."

मग मी सांगायची. पगाराचे देशपांडे बाबू, त्यांची बिलं अडतील. औषधवाल्या सिस्टर, त्यांना गोळ्या नोंदवता येणार नाहीत. काट्यावरचे बंडूभाऊ, त्यांची वजनाची पावती निघणार नाही. नाव घेतलं की एक श्वास थांबायचं आणि मग एंटर. स्क्रीन काळी असायची, तिच्या काचेत मागे उभे असलेले भाऊ दिसायचे. मी एंटर दाबायची त्या क्षणी ते डोळे मिटून घेत. दर वेळी. सरावाच्या स्विचवर काम चालू असलं तरी.

पहिले काही महिने मला वाटायचं, हे नाटक आहे. मग माझ्या लक्षात आलं की मी घरी गॅस पेटवतानाही मुलीचं नाव घेऊन एक श्वास थांबते आहे. भीती लागते. कोळशाच्या धुळीसारखी.

"मशीन चुकत नाई, बाई," ते म्हणत. "मशीन ऐकते. तुमी जे म्हटलं तेच करते. भेव त्याचंच आहे."

दुपारी खाणीत स्फोट करतात, त्याआधी भोंगा होतो. भोंगा झाला की भाऊंच्या हुकमाने माझे दोन्ही हात मांडीवर. काचा खडखडायच्या, छताचा चुना गळायचा, आणि सगळं शांत झाल्यावर ते विचारत, "कुठी होतो आपण?" कमांड अर्धवट असली तर पुसून पुन्हा पहिल्या अक्षरापासून.

जेवण भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे. डब्यात भात आणि सुकलेल्या झिंग्यांची चटणी, बारा महिने. मी एकदा म्हटलं, "भाऊ, इथे कोण येणार आहे मागून?" ते म्हणाले, "जंगलात जेवलेला माणूस हाओ मी. सवय आहे."

ते इतके का भितात याच्या ऑफिसात गोष्टी होत्या. कोणी म्हणे, टेलिफोनच्या काळात त्यांनी दोन तारा उलट्या जोडल्या आणि खालच्या पाळीला द्यायची सूचना भलतीकडे वाजली. कोणी म्हणे, ते नव्हतेच, दुसरा होता, हे फक्त बघत होते. कँटीनवाला म्हणे, काही झालेलं नाही, माणूस मुळातच भित्रा. एका संक्रांतीला त्यांच्या घरी गेले तेव्हा मी त्यांच्या बायकोलाच विचारलं. ती हसायला लागली.

"अवं बाई, लग्नात माह्या गळ्यात हार घालताना हात असे कापत होते का हार माह्या कानात अडकला. मी मनात म्हटलं, हा माणूस मले मारणार तं नाई."

भाऊ शेजारी बसून तिळाचा लाडू फोडत होते. मी तो विषय तिथेच सोडला.

हात पाठीमागे का, ते मात्र मला हळूहळू कळलं. ते चालू मशीनला हात लावतच नसत. सगळं तोंडाने. माझ्या आधी हे काम एक ऑपरेटर करायचा, तो बदलून गेला तेव्हा बरेच महिने कुठलाही बदल न करता भाऊंनी काढले होते. मोठ्या साहेबांनाही हे माहीत होतं, आणि त्यांना ते आवडत नव्हतं.

आता सरावाच्या स्विचबद्दल.

माझ्या टेबलावर एक जुना स्विच होता. त्याला बैलाच्या साखळीने टेबलाच्या पायाला बांधून कुलूप घातलं होतं, आणि कुलपाची किल्ली भाऊंच्या करदोड्याला. येणारा जाणारा हसायचा. "भाऊ, चारा टाकला का आज?" भाऊ म्हणत, "टाकला." मी विचारलं, बांधला कशाला? कोणी चोरतो का? ते म्हणाले, "पाळीव आहे, पण चावते." त्याहून जास्त नाही. हा एक त्यांचा दोष होता. भीती द्यायचे, कारण द्यायचे नाहीत. म्हणत, कारण कळलं का माणसाचं भेव जाते.

त्या स्विचवर मी वाटण्या करायला शिकले. भाऊंचाच शब्द. एकाच तारेतून सगळ्यांचं काम जातं. त्यात काट्याचं वेगळं, पगाराचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं ठेवायचं, एकाचं दुसऱ्याच्या घरात जाऊ द्यायचं नाही, ही वाटणी. ती मुख्य स्विचवर एकदा केली की बाकीचे स्विच तिथून आपोआप उचलतात. शिकताना मी वाटण्यांना मंगळवारच्या बाजारातली नावं दिली होती. वांगे, दोडका, भेंडी. करायची, मोडायची, पुन्हा करायची. वर्षभर तेच.

एकदा मी मोठी चूक केली. आमच्या टेबलावरून दूरच्या स्विचमध्ये शिरता येतं. मी कँटीनच्या बाजूच्या स्विचमध्ये शिरले, आणि ज्या तारेने शिरले होते तीच तार बंद करून टाकली. नाव घेतलं होतं, श्वासही थांबला होता, पण मी नाव भलत्याचं घेतलं होतं. स्क्रीन थिजली. आता त्या स्विचपर्यंत चालत जाऊन, पेटीला थेट केबल लावून ती तार उघडण्याशिवाय इलाज नव्हता. रस्ता जुन्या डोंगराच्या कडेने, दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. त्या महिन्यात तिथे वाघ दिसला होता. चौकीदारानेच पाहिला होता, आणि तो संध्याकाळी दारू पिणारा असला तरी हे सकाळचं होतं.

मला वाटलं, भाऊ मला एकटीला पाठवतील किंवा उद्यावर ढकलतील. ते छत्री घेऊन उठले. वाटेत मला पुढे चालायला लावलं आणि स्वतः मागे, मोठ्याने बोलत. त्यांच्या गावचा तलाव, मासे, कोणाची जाळी कोणी फाडली. मी म्हटलं, "भाऊ, भीती वाटते तर तुम्ही पुढे चला ना."

"वाघ मागून येते, बाई."

आणि ते मागेच राहिले. मी पुढे बाभळी बघत चालले, मागून मासे ऐकत. कँटीनपाशी पोहोचलो तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

वर्ष संपायला आलं त्याच आठवड्यात वळवाचं वादळ आलं. पहिला गडगडाट झाला की भाऊ सगळीकडे फोन करून तारा काढायला सांगत. तसे त्यांनी केले. काटाघरात बंडूभाऊंनी फोन उचलला. शेजारी उभ्या असल्याने मला पलीकडचं ऐकू येत होतं.

"भाऊ, आभाळ का फक्त तुमच्याच डोक्यावर आहे? इथी गाड्यांची लाईन लागून आहे. तार काढू कशी?"

"काढा, बंडू. पाया पडतो."

"काढतो, काढतो," असं म्हणून त्यांनी ठेवला. काढली नाही. वीज काटाघराजवळच्या खांबावर पडली आणि तिथला स्विच जळला.

काटा म्हणजे भरलेल्या ट्रकांचं वजन करायची जागा. तिथली पावती निघाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही. हाताने पावत्या द्यायला बंदी होती. पूर्वी त्यात चोऱ्या झाल्या होत्या. थोड्याच वेळात ट्रकांची रांग खाणीच्या रस्त्यावर वळण घेऊन दिसेनाशी झाली. नवा स्विच नागपूरहून यायचा, म्हणजे उद्याही नाही.

मोठे साहेब आमच्या खोलीत स्वतः आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"हा काय? हा लावा."

"नाई," भाऊ म्हणाले. ते टेबलाला पाठ लावून उभे होते.

"का नाही?"

भाऊंनी तोंड उघडलं. मी त्यांना कधी इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम, ओठ हलतायत आणि आवाज नाही.

"चालू मशीन आहे, बाहेर रांग आहे, आणि तुम्ही ते बैलासारखं बांधून ठेवलंय. किल्ली द्या." साहेबांनी हात पुढे केला. मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, वर्षभर शिकलात ना? तुमचा कागद माझ्याकडे आलाय. लावा हा. तुमची परीक्षा पण होऊन जाईल."

भाऊंनी शर्ट वर करून करदोड्याची गाठ सोडली. ती सुटायला वेळ लागला. किल्ली त्यांनी साहेबांच्या हातात दिली नाही. माझ्या हातात दिली. आणि पुन्हा हात पाठीमागे.

म्हणजे आता माझ्यावर. लावला आणि काही बिघडलं, तर माझा कागद गेला. नाही लावला, तरी गेला. मागच्या खिडकीतून डेपो दिसत होता आणि त्याच्या वरचा मातीचा डोंगर, वादळाने काळा पडलेला.

मी खुर्चीवर बसले. आधी पाहा, मग हात लावा, हे भाऊंनी हजार वेळा सांगितलेलं. मी सरावाच्या स्विचची स्थिती स्क्रीनवर काढली. मग मुख्य स्विचची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ओळ अन् ओळ वाचली. दोन्हींवर घराण्याचं नाव एकच; घराणं म्हणजे एकमेकांची वाटणी उचलणाऱ्या स्विचांचा गट. शिकताना खऱ्यासारखं वाटावं म्हणून भाऊंनीच ते तसं ठेवायला लावलं होतं. आणि खाली एक आकडा असतो, वाटणी आजवर किती वेळा बदलली त्याचा. मुख्य स्विचचा आकडा लहान. तिथे भाऊ बदल होऊच देत नसत. माझ्या सरावाच्या स्विचचा आकडा भला मोठा. वर्षभराच्या माझ्या करण्यामोडण्याचा.

तेव्हा मला कळलं. हे स्विच एकमेकांना जोडले की वाटणी कोणाची मानायची हे याच आकड्यावरून ठरवतात. ज्याची जास्त वेळा बदलली त्याची नवी, आणि नवी म्हणून खरी. मी याला काट्यावर नेऊन लावला असता, तर मुख्य स्विचने आपली सगळी वाटणी पुसून याची घेतली असती. त्याच्यामागे खाणीतल्या प्रत्येक स्विचने. काटा, पगार, दवाखाना, सगळं एका क्षणात गेलं असतं आणि त्या जागी वांगे, दोडका, भेंडी.

"भाऊ," मी न वळता विचारलं, "हा जोडला तर मुख्य स्विच याचं ऐकेल ना?"

काचेत त्यांचं डोकं हललं. हो.

"काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"साहेब, हा असाच लावला तर सगळी खाण बंद पडेल."

"मग?"

"मग याला आधी मुका करावा लागेल."

तशी एक सोय असते. त्या अवस्थेत टाकलेला स्विच कोणाची वाटणी घेत नाही आणि आपली कोणाला देत नाही, त्याचा आकडाही शून्यावर येतो. ती कमांड मी लिहिली. मोठ्याने वाचली. मग नेहमीसारखं म्हणायला लागले, "देशपांडे बाबू, त्यांची बिलं. औषधवाल्या सिस्टर, त्यांच्या गोळ्या. बंडूभाऊ..."

"पूजा चाललीय का?" साहेब ओरडले.

"हाव," मागून भाऊ म्हणाले. मघाच्या 'नाई'नंतरचा पहिला शब्द. "होऊ द्या."

एंटर. आकडा शून्य झाला. वांगे, दोडका, भेंडी मी एकेक करून पुसले, काट्याची एक वाटणी हाताने लिहिली, पुन्हा सगळं वाचलं, जतन केलं. मग कुलूप काढलं. साखळी फरशीवर पडली तेव्हा आम्ही तिघेही दचकलो.

जीपमधून काट्यावर गेलो. विजा अजून दूर चमकत होत्या. भाऊ यायचे नाहीत असं मी धरून चालले होते. पण ते मागच्या बाजूला चढले, आणि चमकलं की डोळे मिटत, उघडत, काट्यापर्यंत आले. ड्रायव्हर लोक खाली उतरून उभे. एकजण म्हणाला, "अरे मॅडम, जल्दी करो, गाडी में ही बुढ्ढा हो जाऊंगा." बंडूभाऊ भाऊंकडे बघत नव्हते.

मी जळका स्विच काढला, हा ठेवला, वीज दिली, आणि मुख्य तार हातात घेतली. तार खाचेत बसताना टक् आवाज झाला.

तार लावल्याबरोबर दिवा हिरवा होत नाही. आधी नारिंगी होतो. स्विच बघत असतो, तार सरळ आहे की कुठे गुंडाळून परत आपल्याकडेच येते. तेवढा वेळ काही कळत नाही. आपण बरोबर केलंय की सगळी खाण पुसून टाकलीय, दोन्ही वेळी दिवा सारखाच नारिंगी. मी त्या दिव्याकडे पाहत राहिले. मला डोंगर दिसत होता, पाईप दिसत होता, मुलीची शाळा दिसत होती. साहेब काहीतरी बोलत होते ते ऐकू आलं नाही. भाऊ माझ्या मागे होते, आणि मला न वळता माहीत होतं की या वेळी त्यांचे डोळे उघडे आहेत, कारण श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, माझ्या खांद्यावर.

हिरवा.

बंडूभाऊंनी पावती काढली. निघाली. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथल्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, तुमचं चालू आहे ना?"

"चालू आहे. काऊन? बंद पडणार होतं का?"

"नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिथल्या स्टुलावर बसले. भाऊ बाहेर जाऊन ट्रकच्या चाकाशी उलटी करून आले.

संध्याकाळी साहेबांनी मला कॅबिनमध्ये बोलावलं. खूश होते. टेबलावर दोन कागद होते. एक माझा, कायम करण्याचा. दुसऱ्यावर भाऊंविषयी टाईप केलेलं होतं. सदर कर्मचारी चालू यंत्रावर काम करण्यास नकार देतात, त्यांना स्टोअरमध्ये हलवावं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"दोन्ही सह्या एकदमच करून टाकू," साहेब म्हणाले. "आता तुम्ही आहात. त्यांची गरज काय? आज त्यांनी काय केलं? नुसते उभे राहिले."

"उभे तर तुम्हीही होता, साहेब."

हे तोंडातून गेलं. परत घेता आलं नाही, आणि घ्यायचंही नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, विचार करून बोला."

"याच्यावर मी सही करणार नाही. त्यांनी साखळी घातली नसती तर कोणीतरी हा स्विच मागेच कुठेतरी नेऊन लावला असता. ते नकार देत नाहीत. ते घाबरतात. माझ्या कागदावर तुमची सही पाहिजे, ती वेगळी."

साहेबांनी दोन्ही कागद उचलून वरच्या खणात टाकले. "मग दोन्ही राहू द्या," ते म्हणाले. "उद्या बघू तुमचं काय करायचं ते."

बाहेर भाऊ जिन्यापाशी उभे होते. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असावं.

"काऊन बोलल्या?" ते म्हणाले. "मले स्टोअर बी चालन. तिथी काही चालू नसते."

"मला चालणार नाही," मी म्हटलं. "रोज मला विचारणार कोण?"

"आता घरी जा. भेव वाटून राह्यलं असन."

वाटत होतं. घरी जाऊन मी भात लावला, मुलीला जेवू घातलं, तिची वेणी घातली. ती झोपायला गेल्यावर माळ्यावरून डेपोचे गमबूट काढले. आत कोळी झाले होते. उलटे करून झटकले, ओल्या फडक्याने पुसले आणि दाराशी ठेवले. रडत बसण्यात अर्थ नव्हता. डेपोवरच जायचं असेल तर अनवाणी पायांनी जायचं नाही, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गमबूट घालूनच ऑफिसात गेले आणि साहेबांच्या कॅबिनबाहेरच्या बाकावर बसले. साहेब आले, त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी त्यांच्या मागोमाग आत गेले, उभी राहिले आणि म्हटलं, "डेपोची गाडी खाली उभी आहे, साहेब. जायचं असेल तर आत्ताच सांगा. नसेल तर कागद वरच्या खणात आहे."

आणि पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.